चित्रातल्या बाईचं कपाळ

मंजुळाबाईला बसमध्ये जागेपणीच स्वप्नं पडत. धुळ्याहून पारोळ्याकडे बस निघाली, की मांडीवरच्या पेटीतली चित्रं बाहेर येत. तीन पायांची गाय कपाशीतून लंगडत जाई, बिनदांड्याची छत्री आभाळात तरंगत राही. मंजुळाबाई कॉलेजात झाडलोट करी. पण खेड्यातल्या पोरी परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नाहीत, म्हणून मानसशास्त्राचे सुरेशचंद सर तिला सोबत नेत. बापाचं चालतं कापडदुकान सोडून या माणसानं बुद्धी मोजायचं काढलं होतं. अहो, पाची बोटं सारखी नसतात हे कळायला घड्याळ लावून बसावं लागतं का? पण हे ती मनातच म्हणे. पोरींना अहिराणीत धीर द्यायचा, बाकी गप्प बसायचं. एक शब्द सुचवला, तर पोरीचा उत्तरांचा कागद रद्द आणि तिचं कामही गेलं.

अडुसष्ट साली पारोळ्याजवळच्या एका खेड्यात भिकनची मथुरी समोर आली. दहा वर्षांची, डोळे टपोरे. प्रत्येक चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं, चित्रामागे एक गुण. वीस गुण पडले तर धुळ्याच्या वसतिगृहात जागा आणि शाळा. नाही तर कागदावर 'मंद' असा शेरा, आणि उन्हाळ्यात लग्न. तसं भिकननं आधीच सांगून ठेवलं होतं.

एकोणीस झाले. उरलं शेवटचं चित्र. मूळची ती विलायती मडम. धुळ्याच्या चित्रकारानं तिला लुगडं नेसवलं, डोईवर पदर दिला, मनगटभर बांगड्या भरल्या. सरांनी विचारलं, हिच्यात काय राहिलं?

मथुरीनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "कपायवर कुकू नही."

सरांनी उत्तरांचा तक्ता पाहिला. तिथं होतं, डावी भुवई. त्यांनी लाल पेन्सिलीनं शून्य काढायला घेतलं. असा संताप मंजुळाबाईला नवरा गेला त्या दिवशीही आला नव्हता. ती उठली, सरांसमोर उभी राहिली आणि डोईवरचा पदर मागे घेतला.

"सर, मन्हाकडे देखा. काय कमी शे, सांगा."

सरांनी पाहिलं. तिच्या दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या. सरांनी टिकटिकणारं घड्याळ हातानं बंद केलं. मग शून्याच्या जागी एक लिहिला.

परतताना ऊन कललं होतं. सर खिडकीला डोकं टेकून झोपलेले. मंजुळाबाईनं पेटी उघडली, ती बाई बाहेर काढली. पुढच्या गावातही एखादी मथुरी असणारच, आणि तिलाही भुवईआधी कपाळच दिसणार. तिनं सरांची लाल पेन्सिल उचलली आणि तिचा हात थबकला. कुंकवाच्या करंड्याला अकरा वर्षांत तिला कुणी शिवू दिलं नव्हतं. हळदीकुंकवाला ती मागच्या दारानं निघून जाई. पण ही तर पेन्सिल होती, आणि कपाळ कागदाचं.

बस खड्ड्यातून चालली होती; हात हलत होता, टिकली काही नीट जमेना. शेजारी सरांचे डोळे उघडे होते, कधीपासून कोण जाणे. त्यांनी दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरून ठेवली.