दत्ताच्या चप्पूंची धार

दत्ता गेल्याची बातमी मला आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली, आणि खरं सांगायचं तर माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. या ग्रुपने यापूर्वी एका चांगल्या धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहिली होती आणि त्याने स्वतःच खाली सगळ्यांचे आभार मानले होते. शिवाय दत्ता माझ्याशी बोलत नव्हता. मला सुभानपुऱ्याला त्याच्या घरी आणण्याचा हा त्याचा डाव तर नसेल, असंही क्षणभर मनात आलं... जिवलग मित्राच्या मरणावर संशय घेणारा हा कसला माणूस, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण आम्ही दोघेही तसेच होतो. कोयलीला रिफायनरीत मी स्टोअरमध्ये आणि तो मेन्टेनन्सला. तो पाने-पक्कड परत करायला आला की मी एकेक वस्तू उलटसुलट करून पाहायचो, आणि मी दिलेली पावती तो उजेडात धरून वाचायचा. आमची मैत्री त्यातूनच झाली.

दत्ताला चप्पू जमवायचा नाद होता. खिशात मावणारे, घडीचे जुने चाकू. आम्ही बडोदेकर मराठी लोकही त्यांना गुजरात्यांसारखं चप्पूच म्हणतो. शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, खटका दाबल्याशिवाय न मिटणारे. कच्छमधल्या लोहारांचे त्याला विशेष आवडायचे. जुन्या बाजारात गंजका चप्पू दिसला की आधी तो चेहरा पाडायचा, विकणाऱ्याला त्याची हौस कळू नये म्हणून. घरी आणून तो आधी गंज काढायचा, मग निसण्याच्या दगडावर पाणी घालून पातं घासत बसायचा आणि शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर ओढायचा. धार लागली की नाही हे मनगटावरचे केस भादरून बघायची त्याची पद्धत, त्यामुळे त्याचं डावं मनगट कायम लहान मुलासारखं गुळगुळीत. त्याचे पूर्वज गायकवाडी फौजेत घोडेस्वार होते, असं तो सांगे. खरंखोटं देव जाणे. पण या चप्पूंनी तो शिवणीच्या लाकडातून फक्त घोडे कोरायचा. एकही घोडा कधी लंगडा निघाला नाही.

दर रविवारी सकाळी मी त्याच्याकडे जायचो. गॅलरीत वेताचे दोन मोढे टाकून आम्ही कोरत बसायचो, सुमनवहिनी चहा आणि शेव-ममरा आणून ठेवायच्या. माझे घोडे कधी धड उभे राहिले नाहीत. दत्ता ते हातात घेऊन म्हणायचा, “माधव, याला दवाखान्यात दाखल कर.” बोटाला खरचटलं तर तो औषध देण्याऐवजी चप्पू बघायचा. “बोथट चप्पूच हात कापतो. त्याला जोर लावावा लागतो ना, मग तो सटकतो. धारेला माणसाने घाबरू नये,” हे त्याचं पालुपद होतं.

पुढे त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. तो कबूल करायचा नाही. कप बशीवर वाजला की म्हणायचा, चहा फार गरम आहे. मग एका रविवारी मी गेल्या गेल्या त्याने विचारलं, “मागच्या वेळी माझ्या चप्पूने काय कापलंस? साचुं बोल.”

“शिवण. तुझ्यासमोर.”

“शिवणीवर दोन तास चालवून पात्याची धार अशी जात नाही. तू उठून गेलास की दुसऱ्या दिवशी सगळे चप्पू बोथट.”

मी हसण्यावारी नेलं. पण हे दर रविवारी होऊ लागलं. शनिवारी तो सगळ्यांना धार लावून ठेवायचा आणि सोमवारी त्यांच्याने कागदही फाटायचा नाही; त्या हाताने सगळ्यांना पुन्हा धार लावेपर्यंत पुढचा शनिवार उजाडायचा. त्याचं मत असं पडलं की माझे घोडे लंगडतात म्हणून मी जळतो आणि मुद्दाम त्याच्या पात्यांची धार मारून जातो. माझं मत असं, की आम्ही दोघांनी मिळून भूजला घेतलेला शिंगाच्या मुठीचा चप्पू त्याला एकट्याला हवाय आणि मला तोडायला त्याने हे कुभांड रचलंय. दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत कोरायचो.

शेवटी एका रविवारी मी निघालो तर तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, “खिसे दाखव.” त्याला वाटलं, खिशात कानस आहे. मी खिसे उलटे केले. किल्ली, रुमाल आणि लिंबाची गोळी निघाली. साठी उलटलेल्या माणसाला त्याच्या मित्राने खिसे उलटे करायला लावले, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी परत त्या घराची पायरी चढलो नाही.

काही दिवसांनी वहिनी मला खंडेराव मार्केटमध्ये भेटल्या. हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, “भाऊजी, रविवारी या ना.” मी विचारलं, त्याने पाठवलंय का? “नाही हो. त्यांना माहीतही नाही. बोलू नका हवं तर, नुसते येऊन बसा.” नुसते येऊन बसा! अपमान करून घ्यायला परत या, असं कोणी म्हणतं का? यात काहीतरी काळंबेरं आहे, असं मला तेव्हाच वाटलं. मी नाही म्हणालो. पुढे महिनाभरात कळलं की घोड्याची मान कोरताना दत्ताच्या हातून चप्पू सुटला आणि डाव्या अंगठ्याच्या बुंध्यात खोल शिरला. शीर तुटली. त्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट मिटली नाही आणि त्याचं कोरणं संपलं. ग्रुपवाले वाढवून सांगतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. दत्ताचे चप्पू डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले होते. मी विचारलं, “वहिनी, शेवटपर्यंत त्याला माझाच संशय होता?”

“हो,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, माधव गेला आणि माझे चप्पू सुधारले.”

मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “भाऊजी, मी करत होते ते. रविवारी जेवून ते झोपले की पाट्यावर पातं उभं धरून घासायचं. एकदा ओढलं की झालं. हात किती हलायचा त्यांचा! कोरणं सोडा म्हटलं असतं तर ऐकलं असतं का? बोथटाने खरचटतं, भाऊजी. धारेने कापतं. ते तुमच्यावर चिडायचे, मला वाईट वाटायचं, पण तुम्ही येत होतात तोवर मला करता येत होतं. तुम्ही बंद झालात... मग कसं करणार? संशय घ्यायला घरात मी एकटीच उरले ना. म्हणून हात लावला नाही. धार तशीच राहिली.”

मला राग आला. खूप आला. माझ्यावर खोटा आळ येऊ देऊन ही बाई नवऱ्याचे हात सांभाळत होती, आणि तो मला दगाबाज समजत गेला. बाजारात मला खरं सांगितलं असतं तर? “सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. तेही खरंच होतं, मी त्याच पावली जाऊन सांगितलं असतं. माझी चूक झाली असं मी आजही म्हणणार नाही. पण माझ्यावर आळ होता तोवर दत्ताचा हात शाबूत होता, एवढं मला त्या दिवशी कळलं आणि मी त्यांच्यासमोर रडलो. उठताना कप बशीवर वाजला. चहा केव्हाच गार झाला होता. वहिनींनी कपाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. म्हणाल्या, “रविवारी येत जा. चप्पू पडून राहिले तर गंजतील.”

तेव्हापासून मी जातो. पहिल्या रविवारी सगळ्या चप्पूंना धार लावली, शिंगाच्या मुठीच्या चप्पूने मनगटावरचे केस सहज निघाले. त्याच चप्पूने दत्ताचा अर्धा राहिलेला घोडा मी पुढे कोरायला घेतला. दुसऱ्या रविवारी गॅलरीत बसून तो चप्पू उघडला आणि लाकडाला लावला, तर पातं नुसतं घसरलं. दुसरा घेतला, तोही तसाच. मी आत बघितलं. वहिनी खाली मान घालून तुवेरीच्या शेंगा सोलत होत्या.

“हवेत ओल आहे,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “धार राहत नाही.”

बाहेर पौषाचं कोरडं खणखणीत ऊन पडलं होतं. मी बोथट चप्पूनेच घोड्याची मान कोरायला लागलो.