तारखेच्या रकान्यात

आमच्या चादरींच्या कारखान्यात नक्षी शोधायचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेताना मी दोन दिवस वैतागले होते. कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसायचं, पण नव्याकडे नोंदी कमी भरायच्या. कुठल्या राहिल्या ते बघायला सगळ्या एकदम मागवल्या की सर्व्हर मान टाकायचा. शेवटी हजार-हजार मागवून जुन्याशी जुळवल्या, तेव्हा कळलं की मागं राहिलेल्या सगळ्या नोंदी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वह्यांतल्या होत्या.

अप्पा याच कारखान्यात नक्षी काढायचे. पुढं कुणीतरी त्यांच्या वह्या जशाच्या तशा टाइप केल्या. तारखेच्या रकान्यात कुठं 'गड्ड्याच्या जत्रेचा दुसरा दिवस', कुठं 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी'. नव्या डेटाबेसला तिथं खरी तारीखच हवी होती. त्यानं या नोंदी घेतल्याच नाहीत.

घरी येऊन मी तणतणले, "अप्पा, साधी तारीख लिहायला काय झालं होतं?"

चहा फुंकत ते म्हणाले, "गड्डा कधी असतो ते सोलापुरात कुणाला ठाव न्हाय?"

दुसऱ्या दिवशी मी जुनी पंचांगं घेऊन बसले. वर्ष प्रत्येक वहीवर होतंच. एकेक तारीख भरली आणि अप्पांचे शब्द शेजारी नवा रकाना करून ठेवले. शेवटची नक्षी मोराची होती. तारखेच्या जागी लिहिलं होतं, 'पोरगी झाली. मोर अर्धा सोडून दवाखान्यात गेलो.'

मी त्यांची एकुलती एक. माझा वाढदिवस त्यांना कधी आठवत नाही, म्हणून मी दरवर्षी रुसते.

ती तारीख भरायला मला पंचांग लागलं नाही.