सिंगापूर ते क्वालालंपूर, फक्त एक तास

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर आमच्या टोकियोच्या ऑफिसातले बरेच परदेशी इंजिनिअर मायदेशी पळाले. मला वेळेत तिकीट मिळालं नाही, म्हणून मी राहिलो आणि निष्ठावान ठरलो. बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी विभागप्रमुखांच्या परदेश दौऱ्यांची आखणी माझ्या गळ्यात पडली.

विभागप्रमुख साठीला टेकलेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. मी राहायचो त्या ग्योतोकुहून येणारी माझी ट्रेन पाच मिनिटं उशिरा आली, तर मी स्टेशनवरून तसा दाखला आणावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

सकाळी सिंगापूरला एक बैठक होती, दुपारी तीनला क्वालालंपूरला दुसरी.

"अंतर किती?" त्यांनी विचारलं.

"तीनशे किलोमीटर. विमानाने एक तास," मी इंटरनेटवर बघून ठणकावलं.

"विमानतळावरचा वेळ?"

"धरलाय."

धरला नव्हता. पण पुण्याच्या माणसाने एकदा सांगितलं की सांगितलं.

बाराचं विमान वादळामुळे दोन तास जमिनीवरच उभं राहिलं. उडाल्यावर मात्र खरंच तासाभरात पोचलं. इंटरनेटची इज्जत राहिली. मग पासपोर्टची रांग. मग टॅक्सी, कारण विमानतळ शहरापासून पन्नासएक किलोमीटर लांब, आणि रस्ते तुंबलेले. तिथूनच मी ग्राहकाला फोन करून उशीर कळवला. विभागप्रमुख नुसते घड्याळ बघत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. ग्राहक कंपनीचे मालक एकटेच थांबले होते. विभागप्रमुख दारातच कमरेतून वाकले, ते वर यायचं नावच घेईनात. मलाही वाकून राहावं लागलं. पाठीत उसण भरली.

मालक गडबडून इंग्रजीत म्हणाले, "अहो, वादळ काय तुम्ही आणलंत? माझा मेव्हणा सकाळी सिंगापूरहून बसने निघाला. घरी पोचून, जेवून, झोपलासुद्धा!"

विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. भाषांतर करणं माझं काम होतं.

"रस्त्यात त्रास झाला का, विचारतायत," मी जपानीत सांगितलं.

"बस हा शब्द मला कळतो," ते शांतपणे म्हणाले.

काम आम्हालाच मिळालं. उशिरा येणारे लोक आपल्याला रोज भेटतात, पण एवढी माफी आजवर कुणी मागितली नव्हती, असं मालकांनी नंतर मला सांगितलं.

टोकियोला परतल्यावर मी चार पानी अहवाल लिहिला. उशिराच्या कारणांत वादळ होतं, रांग होती, रहदारी होती; फक्त मी नव्हतो. विभागप्रमुखांनी तो नीट वाचला, सर्वांत वर स्वतःच्या हाताने 'मी वेळापत्रक तपासलं नाही' असं लिहिलं आणि शेजारी, जपानी रीतीने सहीऐवजी, स्वतःचा शिक्का उमटवला.

"पण चूक माझी होती," मी कसंबसं म्हणालो.

"हो, माहीत आहे मला," ते म्हणाले आणि अहवाल पुढे पाठवून दिला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.