कसलेले तळवे

आल्मुट ब्रेमरने एकतीस वर्षं लोकांच्या पायांत बूट चढवले. गावच्या बाजारपेठेतल्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाईकाची टाच तळहातावर घ्यायची, माप पाहायचं आणि बोटानं दाबून विचारायचं, इथं टोचतंय का. कुणाच्या पायाला कुरूप आहे, कुणाचा अंगठा वाकलाय, हे तिला त्या माणसाच्या बायकोआधी कळायचं. शनिवारी दुपारी दुकान बंद झालं की ती आणि तिचा नवरा फोल्कर्ट गाडी काढून माळरानातल्या तळ्यावर यायचे, फाटकाशी कपडे काढून गाडीत ठेवायचे, आणि मग रविवार संध्याकाळपर्यंत दोघांच्या अंगावर सूतही नसायचं. पायांतही काही नसायचं.

तळ्यावरच्या आम्हा नागड्या माणसांबद्दल बाहेरच्यांना एकच गोष्ट ऐकायची असते, आणि नेमकी तीच इथं कधी घडत नाही. इथं पावाला लोणी लावतात, गवत कापतात, आणि कुणाचं कुंपण कुणाच्या हद्दीत वीतभर आलं यावरून दोन-दोन उन्हाळे अबोला धरतात. बसण्याआधी खाली टॉवेल टाकायचा आणि बोलताना नजर हनुवटीच्या खाली न्यायची नाही, एवढं सांभाळलं की माणूस सभ्य. तिसरा नियम मात्र आमच्याच तळ्याचा, आणि तो फोल्कर्टने घातलेला. फाटकाच्या आत पायात काही घालायचं नाही.

देशातल्या बाकीच्या तळ्यांवर लोक खुशाल चपला घालून फिरतात. फोल्कर्टला त्याची शिसारी यायची. चप्पल घातलेला नागडा माणूस म्हणजे विजार घरी विसरलेला माणूस, असं तो दर वार्षिक सभेत म्हणायचा आणि लोक दर वर्षी हसायचे. तो सव्वीस वर्षं अध्यक्ष होता. दारू नाही, विडीकाडी नाही, पहाटे थंड पाण्यात डुबकी, आणि जमिनीशी अखंड संबंध. कुणी नवखा सपाता घालून स्वच्छतागृहाकडे निघाला की ओळखीचे लोक विचारायचे, “काय हो, कपडे घालून कुठं निघालात?” बिचारा दोन दिवसांत सपाता काढायचा. आल्मुटही या हसण्यात असायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या पायांशी बसणाऱ्या बाईला दीड दिवस स्वतःचे पाय मोकळे मिळायचे, आणि त्या दीड दिवसावर ती उरलेले साडेपाच काढायची.

ती निवृत्त झाल्यावर दोघं मे ते सप्टेंबर गावातलं घर बंद करून तळ्याकाठच्या आपल्या चाकांच्या घरातच राहू लागली. मूलबाळ नव्हतं. एक बहीण होती, ती गेली. दुकानातल्या मैत्रिणी नाताळला कार्ड पाठवायच्या, तेवढंच. आल्मुटचं जे काही गणगोत होतं ते या तळ्यावर होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिनं जे केलं त्याला काही जण मूर्खपणा म्हणाले, आणि म्हणणाऱ्यांची घरं माणसांनी भरलेली होती.

अडुसष्टाव्या वर्षी, मेच्या सुरुवातीला, ती रक्तातली साखर तपासायला गावात गेली. डॉक्टर ओझानबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा बारीक धागा तळव्याला लावून विचारू लागल्या, लागतंय का. दोन्ही पायांवर मिळून बारा ठिकाणी त्यांनी धागा टेकवला. आल्मुट दोनदा हो म्हणाली.

“ब्रेमरबाई,” ओझानबाई म्हणाल्या, “यापुढे अनवाणी चालणं बंद. घरात नाही, बागेत नाही, तुमच्या त्या तळ्यावर तर नाहीच. तुमच्या पायांना काही झालं तर तुम्हाला कळवणारं आता कुणी राहिलेलं नाही.”

ती तशीच आपल्या जुन्या दुकानात गेली आणि तपकिरी मऊ चामड्याचे, पुढून बंद असलेले बूट घेऊन आली. पायांचं तिला कळत होतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

नऊ दिवस तिनं ते बूट तळ्यावर घातले. पहिल्या दिवशी गेझीने नावाची शेजारीण आपल्या वाफ्यातून ओरडली, “अगं आल्मुट, बँकेत निघालीस की काय?” तिच्या मनात वाईट नव्हतं, पण चार जण हसले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या कवायतीच्या रिंगणात दोन्ही बाजूंच्या बायका जरा जास्तच लांब उभ्या राहिल्या. नागड्यांमध्ये बूट घालून उभं राहिलं की माणूस किती उघडा पडतो हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ती धड कपड्यांतलीही राहिली नव्हती आणि धड नागडीही. पावलांकडे बघायचं नाही म्हणून सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तिला चेहरा लपवावासा वाटत होता.

फोल्कर्टने आरडाओरडा केला नाही. तो कधीच करत नसे. डॉक्टरांचं म्हणणं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “एकतीस वर्षं त्या दुकानात बुटात कोंडून घातलेस तू पाय. बधिर होतील नाहीतर काय? त्यांना आता माती हवी आहे, आल्मुट, चामडं नाही.”

“आणि काही रुतलं तर?”

“या तळ्यावर मला कधी काही रुतलंय? आणि मी अध्यक्ष आहे. घरातच सूट दिली तर उद्या प्रत्येकाच्या पायाला काही ना काही होईल.”

मग तो गवतावर आपला टॉवेल तिच्यापासून हातभर दूर टाकू लागला. भांडण नाही, काही नाही. नुसतं हातभर. दहाव्या दिवशी आल्मुटने बूट काढून पलंगाखाली ढकलले. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण शब्दशः खरी होती ती तिच्यापुरती.

जुलैत तळ्याच्या मंडळाला पन्नास वर्षं झाली. शेजारच्या तीन तळ्यांवरून पाहुणे आले, बरेचसे चपला घालून, आणि फोल्कर्टने त्या सगळ्यांच्या चपला फाटकाशी हसत हसत काढून घेतल्या. ऊन असं होतं की पाखरंही गप्प झाली होती. सरबताचं टेबल पंपाजवळ मांडलं होतं, आणि पेले भरायचं काम आल्मुटकडे होतं. पंपाच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण होतं. सकाळपासून ते उन्हात तापत होतं. ती त्यावरच उभी होती, कारण तिथून सगळ्यांना पेले देता येत होते.

अर्ध्या तासानं एक पाहुणी पेला घ्यायला पुढं झाली, झाकणावर पाय टेकला आणि किंचाळून मागं उडी मारली. मग आल्मुटकडे बघून तिनं विचारलं, “तुम्हाला चटका बसत नाही?”

फोल्कर्ट तिथंच होता. तो आला आणि त्यानं आल्मुटच्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “चाळीस वर्षांची साधना आहे ही,” तो पाहुण्यांना म्हणाला. “हे कसलेले तळवे आहेत. तुमच्या चपलांनी तुम्हाला काय दिलं ते तुम्हीच बघा.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. गेझीनेने सुद्धा.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. इथं जिचं जळत होतं तिलाच कळलं नव्हतं. पण त्या क्षणी कळलं. खोटं कशाला सांगा? पाहुणीनं उडी मारली तेव्हाच आल्मुटला धागा आठवला होता, बारा ठिकाणं आठवली होती. एक पाऊल मागं घ्यायचं होतं फक्त. गवत तिथंच होतं. पण हात खांद्यावर होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा त्यांच्यातली झाली होती. ती आणखी दहा मिनिटं त्या झाकणावर उभी राहिली. पेले भरत राहिली. नंतर तिनं हे दोनच माणसांना सांगितलं, आणि सांगताना स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या की ऐकवत नव्हतं.

रात्री उजव्या तळव्याचं सगळं कातडं टॉवेलला चिकटून आलं. फोल्कर्टने घाबरून न जाता औषधी माती कालवली, वर कोबीची पानं बांधली. रोज सकाळी तो पानं बदलायचा, मनापासून बदलायचा. त्याच्या प्रेमात खोट नव्हती, हीच तर पंचाईत होती. अकरा दिवस त्यानं तिला गावात नेलं नाही. आणि अकरा दिवस ती तळ्यावर लंगडत फिरली तरी एकाही माणसानं विचारलं नाही, कारण आमच्याकडे सभ्य माणूस हनुवटीच्या खाली बघत नाही. शेवटी वास आला. वासाला शिष्टाचार नसतो. गेझीनेने दार ढकललं, पलंगाकडे पाहिलं, आणि अंगात झगा अडकवून गाडी काढली.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गेझीनेने परत येऊन एकच काम केलं. तिनं जादा सभा बोलावली आणि ठराव मांडला, की ज्याच्या पायाला आजार आहे त्याला तळ्यावर बूट घालता येतील. शनिवारी सभा झाली. रविवारी फोल्कर्ट ठरावाची प्रत घेऊन रुग्णालयात आला, इस्त्रीचा सदरा आणि काळे बूट घालून. खुर्ची ओढून पलंगाच्या उशाशी बसला आणि त्यानं कागद तिच्या हातात दिला.

“आता तुला परवानगी आहे,” तो म्हणाला.

वरातीमागून घोडं, पण घोडं तरी आलं, असं आल्मुटच्या मनात आलं. तिनं कागद दोनदा वाचला. तिला खरोखरच बरं वाटलं होतं. इतक्या माणसांनी आपल्यासाठी हात वर केला, यानं तिचे डोळे भरून आले.

“किती मतं पडली?” तिनं विचारलं.

“एकेचाळीस बाजूने. एक विरुद्ध.”

“कुणाचं?”

फोल्कर्ट जन्मात कधी खोटं बोलला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. “माझं,” तो म्हणाला. “ठराव होणार हे मला माहीतच होतं. पण तत्त्वाचा प्रश्न होता, आल्मुट. तू समजून घेशील.”

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. आज रात्री तू तळ्यावर जाणार आहेस का, असं विचारलं. तो हो म्हणाला, वाफ्यांना पाणी द्यायचं होतं.

“मग तिथंच राहा,” ती म्हणाली. “मी घरी येईन तेव्हा मला तू घरात नकोस. किल्ली ठेवून जा.”

मग त्यानं किल्ली काढून औषधांच्या शेजारी ठेवली. दारापर्यंत गेला आणि वळला.

“ऑक्टोबरात तळं बंद होतं,” तो म्हणाला. “माझे थंडीचे कपडे, बूट, सगळं घरात आहे.”

“कपडे पाठवते,” आल्मुट म्हणाली. “बूट तुला कशाला लागतात?”