बेल वाजली नाही म्हणून

आमच्या मल्लेश्वरमच्या घरमालकांइतका काळजी करणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि पाहण्याची आता माझ्यात ताकदही नाही. लोक आपल्या मुलाबाळांची काळजी करतात, फार तर भावंडांची. हे गृहस्थ अख्ख्या रस्त्याची करत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून दक्षिणेत आलेलं. "आलं, पण पोचल्याची खात्री ह्यांना अजून नाही," असं त्यांची बायको म्हणे. घरात मराठी बोलत, त्यात निम्मे शब्द कानडी आणि उरलेल्या निम्म्यांत "अय्यो". सगळी आळी त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. लग्न होऊन मी बेळगावाहून त्यांच्या माडीवर बिऱ्हाडाला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी अण्णांनी मला विचारलं, "तंगी, जिना उतरताना तू कुठला पाय आधी टाकतेस?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी म्हटलं, "कधी लक्ष नाही दिलं." त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मी उठून पाहते तो जिन्याला कठडा लागलेला.

अण्णा एका रेडिओच्या कारखान्यात नोकरीला होते, पण त्यांचा खरा कारखाना घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. कुणाला चालता येईना, ऐकू येईना, हात उचलेना असं कानावर आलं की अण्णांचं जेवण तुटे आणि शेडमध्ये ठोकाठोकी सुरू होई. रस्त्याने कुणी काठी टेकत जाताना दिसला की हे त्याच्या मागे. "स्वल्प थांबा सर, काठी दोन बोटं लांब आहे, खांदा दुखेल." खिशात करवत असायचीच. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांची चांदीच्या मुठीची छडी त्यांनी भर संपिगे रोडवर कापली. न्यायाधीशांचे पाय ठणठणीत होते, छडी नुसती ऐटीची होती. पण अण्णांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून तेही घाबरले आणि पुढे महिनाभर जपून चालत होते.

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या अज्जींना ऐकू येत नसे. अण्णांनी जुन्या ग्रामोफोनचा कर्णा कापून त्यांना कानाला लावायचं नळकांडं करून दिलं. अज्जींना इतक्या वर्षांनी सगळं लख्ख ऐकू आलं, त्यात सुना काय बोलतात तेही आलं. आठवड्याच्या आत अज्जी स्वतः ते नळकांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, ह्यातून फक्त देवळातलं भजन येईल असं करता येईल का?" वेताच्या खुर्चीला सायकलची चाकं लावून केलेली गाडी तर त्यांनी रोग्याला धोका नको म्हणून आधी स्वतः बसून पाहिली. मल्लेश्वरमचे उतार काही साधे नाहीत. गाडी जी सुटली ती कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या पाटीत जाऊन थांबली. अबोलीच्या ढिगातून वर येत अण्णा फुलवालीला म्हणाले, "तुला लागलं नाही ना? ब्रेक लावायला हवा."

आम्ही हसत होतो. मग मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला आणि आमचं हसू संपलं. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. सगळ्या शब्दांतला एकच मागे राहिला, "बरं". भूक लागली तरी बरं, कूस बदलायची असली तरी बरं, डोळ्यांतून पाणी वाहत असलं तरी बरंच. नवरा पहाटे कारखान्याच्या बसने जाई. माझी सकाळची शाळा; तिथे मी शिकवत होते आणि ती नोकरी सोडण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. त्यामुळे मी परत येईपर्यंत मामंजी एकटे. वर्गात मी फळ्यावर लिहीत असे, पण डोळ्यांपुढे ती खाट असे. ठसका लागला असेल का? तहान लागली असेल का? शाळा सुटली की मी जवळजवळ पळतच घरी येई.

अण्णांनी कारखान्यातली पाळी मागून दुपारची करून घेतली, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी मामंजींच्या डाव्या हाताला लाकडाची एक कळ बांधली, खिडकीतून तार खाली नेली आणि आपल्या स्वयंपाकघरात बेल बसवली. कळ दाबली की खाली बेल, आणि बेल वाजली की अण्णा वर. कधी गालाला साबणाचा फेस, कधी हातात अर्धी इडली. मामंजींना नुसती सोबत हवी असली तरी ते कळ दाबत. पण बेल वाजण्याचा त्रास काहीच नव्हता. खरा त्रास ती न वाजण्याचा. तासभर शांत गेला की अण्णांचा जीव थाऱ्यावर नसे. खारीने तार तर कुरतडली नाही? सेल तर संपले नाहीत? मग ते वर येऊन म्हणत, "मामा, एकदा दाबून दाखवा." मामंजी दाबत. खाली बेल वाजे, आणि तिथून अक्का ओरडे, "वाजली! आता तरी खाली या!"

अक्काच्या भाचीचं चामराजपेठेत लग्न होतं, त्या दिवसाची गोष्ट. फाटकाशी जटका, म्हणजे तिकडचा टांगा, उभा होता. अक्का रेशमी लुगडं नेसून आत बसली होती. अण्णा कोट चढवून फाटकापर्यंत आले आणि थबकले. "आज एकदाही वाजली नाही."

"नाही वाजली म्हणजे मामा झोपलेत," अक्का म्हणाली. "मुहूर्त टळेल, चढा."

"झोपलेत असं त्यांनी सांगितलं का?" असं म्हणून अण्णा उलटे फिरले.

मी शाळेतून आले तेव्हा जटका रिकामा होता. घोडा आमच्या कुंपणाचा पाला खात होता आणि जटकेवाला वर बघत उभा होता. तो जिना मी कशी चढले ते मला आठवत नाही. वर अक्का भरजरी लुगड्यात जमिनीवर बसलेली, मामंजींचं डोकं तिच्या मांडीवर. शेजारचे डॉक्टर नाडी बघत होते. मामंजी कुशीवर वळताना खाट आणि भिंत यांच्या फटीत घसरले होते. मान दुमडलेली, श्वास अडकलेला, आणि चांगला हात, कळेसकट, अंगाखाली दबलेला. "थोडा उशीर झाला असता तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले.

अण्णा कोपऱ्यात उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. "माझं चुकलं, तंगी. ज्याला हात हलवता येतो त्याच्यासाठी मी बेल केली. ज्याला येत नाही त्यानं काय करायचं?"

मामंजींनी डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." ते ऐकून अण्णा जास्तच रडले.

लग्न चुकलं. माहेरच्यांनी बोल लावले ते अक्काने मुकाट ऐकून घेतले, आणि अण्णांनी नवीन तार ओढली. आता बेल वरही होती. दर थोड्या वेळाने अण्णा खालून वाजवत, मामंजी वरून उत्तर देत. उत्तर आलं नाही की धावायचं. गंमत अशी की हळूहळू मामंजीच आधी विचारू लागले. एकदा अण्णा तापाने निजून होते. त्यांची बेल आली नाही तेव्हा मामंजींनी कळ इतकी दाबली की शेवटी अक्का काढ्याचं भांडं हातात घेऊनच वर आली. "मामा, उतरतोय हो ताप! आता थांबा, त्यांना झोपू दे." मामंजी थांबले, पण ती पुन्हा खबर घेऊन येईल म्हणून दाराकडेच पाहत राहिले. वाचा गेलेला माणूस आणि चिंतेने पोखरलेला माणूस, दोघांची अशी दोस्ती आणखी दोन पावसाळे चालली. मामंजी गेले ते झोपेत, अण्णा उशाशी बसलेले असताना.

पुढे नवऱ्याला कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "येऊन जाईन," असं अण्णा म्हणाले होते. आम्ही वाट पाहिली, मग संसाराच्या गडबडीत वाट पाहणंही राहून गेलं. अण्णा गेल्याचं कळलं ते अक्का म्हैसूरला भावाकडे राहायला गेल्यानंतर.

वसाहतीत आमच्या शेजारच्या घरात एक तेलुगू बाई होत्या. रोज सकाळी त्या कुंपणाशी येऊन कानडीत विचारायच्या, "चेन्नागिद्दीरा?" म्हणजे बरं आहे ना? मी हो म्हटल्याशिवाय हलायच्या नाहीत. मला वाटे, स्वभाव असेल. एकदा बोलता बोलता मी त्यांना अण्णांच्या गोष्टी सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "उंच, बारीक, कोट घातलेले? ते आले होते की! तुम्ही नवीन राहायला आलात तेव्हाच. तुमच्या दाराला कुलूप होतं. बस चुकेल म्हणून थांबले नाहीत."

"काही निरोप?"

"तुमच्यासाठी नाही, मला सांगून गेले. म्हणाले, ही मुलगी आजारी पडली तरी बोलत नाही. तुम्हीच रोज विचारा."

मी पदर डोळ्यांना लावला. त्या बाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "चेन्नागिद्दीरा?"