मेथीचे लाडू आणि यांचे गुडघे

ये, अशी जवळ बस, कागदावर का होईना. आणि रागावले तर ऐकून घे, मावशी आहे मी तुझी. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, सकाळी गुडघे धरतात गं, पण मी गोड खातच नाही." आणि लगेच पुढे, "गुळाचे लाडू केलेत, रोज दोन खाते." वेडी कुठली! मीही अशीच शहाणी होते.

तुझ्या काकांना डायबिटीस निघाला तो रेल्वेतून निवृत्त झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. केलं बंद. चहा बिनसाखरेचा, श्रीखंड दाराबाहेर. दसऱ्याला सगळं बडोदं फाफडा-जिलेबीच्या रांगेत, आणि हे घरात नुसता फाफडा चावत तोंड वाकडं करून बसलेले. मला वाटायचं, केवढं पथ्य सांभाळते मी!

आणि आमटीतला गूळ? ते कुठं गोड, ती तर चव. कढीत साखर, भेंडीवर चिमूट, ढोकळ्यावर साखरेचं पाणी, थेपल्याबरोबर साखरेत मुरलेला कैरीचा छुंदा. आपल्या घराला इथं तीन पिढ्या झाल्या, जिभा कधीच गुजराती झाल्या. हे सगळं गोडात धरायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग यांचे गुडघे धरले. आमचं तरसालीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर मजल्यावर थांबायचे, कठडा धरून. शेजारीण म्हणाली, "मासी, शियाळामां मेथीना लाडू खवडावो, काकाना पग दोडशे." हिवाळ्यात हे लाडू खाल्ले की पाय धावायला लागतील म्हणे! मीही लागले कामाला. मेथी, डिंक, सुंठ, भरपूर तूप आणि सढळ हाताने गूळ. हे पहिला घास घेऊन म्हणाले, "अगं, हे तर गोड आहे."

"औषध आहे. निमूट गिळा."

गिळले बिचाऱ्यांनी. एक हिवाळा नाही, चार हिवाळे.

वजन वाढलं, गुडघे सुजायला लागले. शेवटी सयाजीगंजात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. गुडघे बदलता येतील म्हणाले. त्या दिवशी हे रिक्षात बसल्या बसल्या ठरवत होते, पाय झाले की आधी स्टेशनवर एक चक्कर मारायची, जुनी माणसं भेटतात का बघायचं. पण रिपोर्ट आला, तीन महिन्यांची साखर फार चढलेली. तिथल्या आहार सांगणाऱ्या मुलीने विचारलं, "आजी, काल काय काय जेवले?" मी ऐटीत सांगत गेले, ती लिहीत गेली. लाडवांपाशी तिचं पेन थांबलं.

"आजी, गूळ पण साखरच. आमटीतला, लाडवातला, सगळा."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे बघत राहिले. तेवढं रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "आजी, सगळं दुखणं साखरेनं आलं असं नाही, वयाची झीज आहेच. पण जास्तीच्या साखरेनं वजन वाढतं, तो भार गुडघ्यावर येतो, अंगातली सूज वाढते. आणि रक्तात एवढी साखर असताना चीर दिली तर जखम भरत नाही. आधी ती खाली आणा."

आणत होतो. बिनगुळाची आमटी पहिल्यांदा ताटात पडली तेव्हा हे म्हणाले, "कोण गेलं?" आपल्याकडे तसली आमटी सुतकातच व्हायची ना. मी म्हटलं, "कुणी नाही, जेवा." दोघंही हसलो नाही.

साखर उतरायला लागली, आणि यांच्या अंगठ्याला चप्पल लागली. यांना कळलंच नाही, साखरेनं तळव्यांची जाणीव आधीच गेलेली. मोजा ओला दिसला तेव्हा मला कळलं. दोन बोटं काढावी लागली. जखम अजून पूर्ण सुकलेली नाही. आता गुडघ्यांचं कुणी नाव काढत नाही, डॉक्टरही नाही आणि हेही नाहीत.

तुझी साखर तपासून घे. गुडघे का धरतात ते डॉक्टरांनाच विचार, शेजारणीला नको, मलाही नको. ते लाडू आजच वाटून टाक.

आणि इकडे ये. हे दिवसभर गॅलरीत खुर्चीवर असतात. जिन्यात पाऊल वाजलं की मान वळवतात, पाऊल दुसऱ्या मजल्यावर थांबलं की परत रस्त्याकडे बघतात. दिवाळीची वाट बघू नकोस गं. त्यांना आता खाली उतरता येणार नाही, तूच तीन मजले चढून ये. लवकर ये.