सगळे जोडा आणायला गेले होते

गुलाबभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी बसायचे नाहीत, पडायची जागा पाहायचे. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, बायकोनं खुर्ची पुढे केली, तर हा गृहस्थ खोलीच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंना नजर फिरवतोय. मग त्यांनी शिवणाचं मशीन भिंतीकडे सरकवलं, पेटती शेगडी आत न्यायला लावली आणि भिंतीला पाठ टेकून खालीच बसले. "राग नको मानू वं बाई," ते म्हणाले, "पडाले तं जागा पाह्यजे नं. मी काही सांगून नाही पडत." बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला नंतर सगळं समजावून सांगितलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही दोघं नागपूरच्या एस.टी. स्टँडवर एकाच खोलीत बसत होतो. गाड्या फलाटावर लावून घेणं माझ्याकडे, माइक त्यांच्याकडे. माणूस नरखेडकडचा, संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा, बोलणं अस्सल वऱ्हाडी. पण माइकचं बटण दाबलं की तोंडातून असं शुद्ध मराठी निघायचं की मला हसू आवरायचं नाही. आवाज खणखणीत. त्या आवाजाला खंड पडला की आम्हाला कळायचं, गुलाबभाऊ पडले. एकदा "उमरेडला जाणारी गाडी" एवढंच म्हणून ते कोसळले. उमरेडचे उतारू धावत आमच्या खोलीशी जमले आणि तिकडे गाडी जवळजवळ रिकामी सुटली. पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये त्या गाडीची चेष्टा चालायची, आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते गुलाबभाऊच.

आपल्याकडे माणूस फिट येऊन पडला की काय करायचं ते पोरासोरांनाही पाठ असतं. जोडा हुंगवायचा. तो जितका जुना आणि घाणेरडा, तितका गुणकारी. गुलाबभाऊ पडले की ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, सगळे आपापल्या पायातले काढून धावायचे; ज्याच्या पायात काही नसे तो कँटीनमधून कांदा फोडून आणायचा. शुद्धीवर आल्यावर ते नाक पुसत म्हणायचे, "पूर्ण डेपोच्या पायताणाचा वास मले ओळखू येते गा. डोळे बांधून सांगन, कोणाची हाय."

हे असं हसण्यावारी नेत असले तरी माणूस आतून स्वस्थ नव्हता. घोषणा झाली की खोलीत येरझारा सुरू. चहा कधी उभ्यानं, कधी चालत, पण बसून नाही. कारण घरी त्यांची मुलगी होती, बेबी. ती झाल्यापासून त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. कुसुमवहिनी, त्यांची बायको, पोरीला त्यांच्यापुढे धरायच्या आणि हे दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याशी बोलायचे. "मी पडलो अन् ही खाली आली तं?" एवढंच म्हणायचे. आणि दुसरी धास्ती त्याहून मोठी होती: हे आपलं पोरीतही उतरलं असेल का? ते कळायचं तर आधी आजार कोणता हे कळायला हवं, आणि तेच कुणी सांगेना.

डॉक्टर कमी झाले नव्हते. एकानं गॅस सांगितला, दुसऱ्यानं अशक्तपणा, तिसऱ्यानं "फार विचार करता तुम्ही" असं म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. इतवारीतल्या वैद्यांनी डोक्यावर तेल थापलं. मौद्याच्या मेहुण्यानं कुणाकडून तरी मंतरलेला गंडा आणून दंडाला बांधला. गावाकडचे लोक मिरगी म्हणायचे, पण हळू आवाजात, घरात लग्नाची बहीण होती म्हणून. शेवटी मोठ्या दवाखान्यात डोक्याला तारा लावून कागदावर मेंदूच्या रेषा काढल्या. रेषा नॉर्मल आल्या. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हे त्या दिवशी स्टँडवर वाघासारखे फिरत होते. "कागद म्हणते नॉर्मल, अन् सारा स्टँड म्हणते गुलाब पडला. मी कोणाचं आयकू? अरे, दुश्मन हाय तं हाय, पण त्याचं नाव तं सांगा!"

मग कुणीतरी धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मी सोबत गेलो. डॉक्टरांनी सगळे जुने कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "पडण्याच्या आधी काय होतं?"

"मले काय मालूम, साहेब? मी तवा नसतोच."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तर तिथेच असता. सुरुवात कशी होते? आधी हात हलतो की मान? डावी बाजू की उजवी?"

इतक्या वेळा हा माणूस माझ्यासमोर पडला होता, आणि मला काही म्हणजे काही सांगता येईना. "मी जोडा आणायला पळतो," मी म्हणालो.

"आणि बाकीचे?"

"तेही."

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "मशीनच्या वेळी फिट आली नाही, म्हणून रेषा चांगल्या आल्या. त्यावरून काही नाही असं ठरत नाही. पण मला प्रत्यक्ष पाहणारा माणूस हवा. जोडा न आणणारा."

दुसऱ्या दिवसापासून गुलाबभाऊंनी चौकशीच लावली. गाड्या धुणाऱ्याला, हमालाला, कँटीनवाल्याला, ज्याला त्याला धरून, "मी पडलो तवा तू काय पाह्यलं?" कँटीनवाला म्हणाला, "म्या कांदा फोडून राह्यलो होतो, भाऊ." एक ड्रायव्हर म्हणाला, "मी तुमचे हात दाबून धरले होते, डोळे मिटून. मले नाही पाहवत." घरी कुसुमवहिनींना विचारलं, तर त्या पोरीला घेऊन आधी बाहेर पळायच्या. गुलाबभाऊ हतबल होऊन माझ्यासमोर उभे राहिले. "घ्या! साऱ्या दुनियेसमोर पडलो अन् कोणीच नाही पाह्यलं. माही अन् माह्या रोगाची तं भेटच होत नाही, तुमची तरी होऊ द्या!" मग स्वतःच आज्ञा केली, "वसंता, आता तू काही करू नको. चप्पल नाही, कांदा नाही. कुशीवर कर, अन् पाह्य."

एखाद्या माणसाच्या पडण्याची वाट बघत बसणं काय असतं, ते मी तेव्हा भोगलं. गाड्यांकडे लक्ष लागेना. ते खोकले तरी मी दचकायचो. ते माझ्याकडे बघून विचारायचे, "आता काही दिसलं का गा?" आणि मी वैतागून म्हणायचो, "अहो, शिंकलात तुम्ही!" मधूनच वाटायचं, एकदाचं पडा बाबा आणि आम्हा दोघांनाही सोडवा.

पडले ते दुपारी, काटोलची गाडी पुकारताना. त्यांचा डावा हात टेबलावर होता. त्या हाताचा अंगठा उडायला लागला. आवाज अजून चालूच होता, एकही शब्द चुकला नव्हता, आणि अंगठा आपला उडतोय. मग ओठाचा डावा कोपरा ओढला गेला, मान सावकाश डावीकडे वळली, त्या बाजूनं कुणी हाक मारावी तशी, आणि मग त्यांची शुद्ध गेली. मी त्यांना धरून खाली आडवं केलं, कुशीवर वळवलं. एक कंडक्टर वहाण घेऊन आत शिरला. त्याच्यावर मी असा ओरडलो की तो वहाण तिथेच टाकून पळाला. मी नजर हलवली नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. जीभ जड होती. पहिला शब्द, "पाह्यलं?"

"पाहिलं."

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा. अंगठ्याशी आले की थांबवायचे. "आधी अंगठा? पक्कं? अन् मी बोलून राह्यलो होतो?" आणि मग डावा हात तोंडासमोर धरून त्याच्याकडे बघत बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांना कळतही नव्हतं. मलाही रडू आलं, आणि का आलं ते मी शोधत बसलो नाही.

धंतोलीत डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. लहानपणी डोक्याला मार बसला होता का, विचारलं. बसला होता, भरल्या बैलगाडीवरून पडून दिवसभर बेशुद्ध होते, हे त्यांनी आईकडून ऐकलं होतं. "अपस्मार आहे," डॉक्टर म्हणाले. "डावं अंग हलतं, म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूला कुठेतरी सुरू होतो. त्या जुन्या माराचा व्रण असावा. असावा म्हणतो, आहे म्हणत नाही. आत डोकावून बघायची सोय माझ्याकडे नाही. गोळी रोज घ्यायची. मुलीला होईल अशी भीती बाळगू नका. आणि अंगठा हलला की लगेच खाली बसायचं, हातात असेल ते ठेवून द्यायचं."

"हातात पोरगी असली तं?"

"तिलाही ठेवायचं. तेवढा वेळ मिळतो तुम्हाला."

बाहेर आल्यावर मला वाटलं हे आता नाचतील. पण ते रस्त्यात उभे राहून म्हणाले, "असावा म्हणजे काय गा? असावा म्हणजे हाय का नाही?" त्या एका शब्दानं त्यांना जन्मभर चैन पडू दिलं नाही. फिट कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. गुलाबभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. छातीच्या दुखण्यानं गेले, फिटनं नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नेमकं काय झालं ते त्यांनीच मला सांगायला लावलं असतं.

डॉक्टरांकडून आम्ही सरळ त्यांच्या घरी गेलो होतो. कुसुमवहिनींनी सतरंजी अंथरली. गुलाबभाऊ मांडी घालून बसले, हात पुढे केले आणि वहिनींनी बेबीला त्या हातांत दिलं. एवढी दीड वर्षाची पोर, पण त्यांनी ती काचेची असल्यासारखी धरली. आणि बघत होते कुठे, तर तिच्या अंगावरून पुढे आलेल्या आपल्या डाव्या अंगठ्याकडे. पापणी लवत नव्हती.

"पोरीकडं पाहा नं," वहिनी म्हणाल्या, "हाताकडं काय पाहून राह्यले?"

तेवढ्यात बेबीनंच तो अंगठा मुठीत गच्च धरला. गुलाबभाऊंनी सोडवायचा प्रयत्न केला, ती सोडेना. "वसंता, मले दिसून नाही राह्यलं गा," ते घाबरून म्हणाले. बघायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"हिच्या कानामागं तीळ हाय," ते म्हणाले.

"जल्मल्यापासूनच हाय," वहिनी म्हणाल्या.